बांधावरच्या रानबोरीवर डोळा आणि तोरणाची वई: कोकणासाठी बोरकुळाची सविस्तर कृती

कोकणात बोर लावायची म्हटलं की माणूस आधी रोप विकत आणायला निघतो. खरं तर बहुतेकांच्या वरकस जमिनीत, गडग्याच्या फटीत नाहीतर गोठ्यामागे एखादी रानबोर आधीच उभी असते. तिचं सोटमूळ जांभ्याच्या भेगेतून खाली कुठवर गेलंय ते तिलाच ठाऊक. वैशाखात ती पानं गाळून निवांत उभी असते, तिला पाणी कोणी घालत नाही आणि ती मरतही नाही. असं मूळ कुठल्याही रोपवाटिकेत मिळत नाही. पिशवीतल्या रोपाचं सोटमूळ बहुतेक वेळा तळाशी वळून गुंडाळलेलं असतं आणि एकदा वळलेलं मूळ कातळात सरळ उतरत नाही. म्हणून विकतच्या रोपाचा विचार नंतर करा, आधी स्वतःच्या बांधावरून एक फेरी मारा.

दुसरी गोष्ट पावसाची. बोर मूळची कोरड्या हवेची. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, कुठे त्याहूनही जास्त पाऊस पडतो. देशावरच्या बोरबागेचं वेळापत्रक इथे जसंच्या तसं चालत नाही. डोळा कधी भरायचा, म्हणजे चांगल्या जातीच्या काडीवरचा डोळा सालीसकट काढून रानबोरीच्या सालीत कधी बसवायचा, पट्टी कशी बांधायची, खत कधी द्यायचं हे सगळं पावसाकडे बघून ठरवावं लागतं. कुंपणासाठी, म्हणजे वईसाठी, मात्र बोरीपेक्षा तोरण बरं, कारण ते याच पावसातलं झुडूप आहे.

आधी ओळख पक्की करा

या कुळाची खरी खूण फुलात असते आणि फूल इतकं बारीक की भिंग घ्यावं लागतं. हिरवट-पिवळं, चार-पाच मिलिमीटरचं फूल, मधोमध मधाने ओलसर चकती, आणि प्रत्येक पुंकेसर नेमका पाकळीसमोर उभा, पाकळीच्या टोपरात डोकं घातल्यासारखा. तोरणाच्या फुलाला मात्र पाकळ्याच नसतात. बाकीच्या बहुतेक झाडांत पाकळ्या पाच आणि पुंकेसर पाच असले तर पुंकेसर दोन पाकळ्यांच्या मधल्या जागेत असतात. भिंग नसेल तर पान उलटं करा. बोर, तोरण आणि घोट या तिघांच्या पानात देठापासूनच तीन ठळक शिरा फुटतात.

बोरीच्या पानाची पाठ पांढुरकी, लोकरीसारखी मऊ. काटे जोडीने येतात, त्यांतला एक सरळ आणि दुसरा आकडीसारखा मागे वळलेला. डोळा भरायला हीच हवी.

तोरणाचं पान बरंच मोठं, तळहाताएवढं होतं आणि त्याच्या पाठीवर तांबूस-तपकिरी लव असते. फांद्या लांब, लोंबत्या, मिळेल त्या झाडावर रेलणाऱ्या. काटा छोटा, पण खाली वळलेला. फुलांचे मोठे घोस हिवाळ्यात येतात आणि एप्रिल-मे महिन्यांत करवंदांच्या जोडीने पांढरी, पिठूळ तोरणं पिकतात. तळकोकणातून गोव्यात उतरलं की याच फळांना चुन्नां म्हणतात.

घोट ही फसवणारी. लांबून रानबोर वाटते, पण फळ लाकडासारखं टणक, गोल, दोन-अडीच सेंटिमीटरचं असतं आणि खाण्याजोगं नसतं. पूर्वी चामडं काळं करायला ही फळं वापरत. फळं नसताना ओळखायची तर झाडाखाली शोधा, मागच्या वर्षीच्या टणक गोळ्या पडलेल्या सापडतात. घोटीवर डोळा भरण्यात मेहनत घालू नका.

बाकीच्यांची तोंडओळख पुरे. बुरगी म्हणजे बारीक, चढणारी, वाटाण्याएवढी काळी चकचकीत फळं देणारी जात. तिचं पान देठाशी एका बाजूला झुकलेलं असतं. चिमट देवराईच्या कडेला भेटते. तिची पानं चकचकीत, जवळजवळ समोरासमोर, काटे आकडीचे, आणि पानाला त्या तीन शिरा नसतात. लोखंडी नावाची वेलही याच कुळातली, पण तिला काटाच नाही. तिच्या फळाला लांब पंख असतो आणि मुळाच्या सालीपासून तांबडा रंग निघतो. तेव्हा काटा दिसला की बोरकूळ आणि नाही दिसला की दुसरं कुळ, असा हिशोब चालत नाही. करवंदाचा घोळ तर पान तोडलं की मिटतो. पांढरा चीक आला की करवंद.

रानबोरीवर डोळा भरणे

या कामाला चैत्रात सुरुवात होते आणि भाद्रपदात ते संपतं. मधला काळ झाड स्वतःच काम करतं.

झाड मनगटाएवढ्या जाडीचं असेल तर उत्तम. मांडीएवढ्या बुंध्याचंही चालतं, फक्त फुटवे जास्त येतात आणि ते आवरत बसावं लागतं. एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत, पानं गळालेली असताना, जमिनीपासून ३० ते ४५ सेंटिमीटरवर करवतीने कापा. कोयत्याने कापू नका, कोयत्याच्या घावाने बुंधा उभा चिरतो आणि त्या चिरेत जूनभर पाणी मुरतं. काप थोडा तिरका, उतार एका बाजूला पडेल असा. वर बोर्डो पेस्ट लावा. एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात, एक किलो कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटरमध्ये, आणि मग दोन्ही प्लास्टिकच्या बादलीत एकत्र. लोखंडी बादली घेतली तर मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसतं आणि औषध फुकट जातं. एका झाडाला यातलं पावशेरही लागत नाही, तेव्हा दहा-वीस झाडांचं काम एकदम काढावं किंवा त्याच प्रमाणात थोडं करावं.

तीन-चार आठवड्यांत खुंटावर फुटव्यांची झुंबड उडते. हात दोन हात वाढू द्या, मग निवड करा. जोमदार, सरळ आणि खुंटाच्या वेगवेगळ्या बाजूंना असलेले तीन ठेवा, बाकीचे सालीसकट ओरबाडून काढा. कात्रीने कापलेला फुटवा आठवड्यात पुन्हा येतो, ओरबाडलेला सहसा येत नाही. तीन ठेवायचे ते एखादा डोळा फसला तर हाताशी दुसरा असावा म्हणून. दोन जगले तर त्यांवर दोन वेगळ्या जाती भरा. बोरीच्या बऱ्याच जातींना स्वतःच्याच परागाने फळ नीट धरत नाही. एकाच खुंटावर दोन जाती असल्या की परसातल्या एकुलत्या झाडाचीही अडचण सुटते.

आता वेळ. देशावर जुलैत सर्रास डोळे भरतात. इथे जुलैत भरलेला डोळा बहुधा कुजतो, कारण आठ-आठ दिवस झड थांबत नाही आणि सालीच्या फटीत पाणी साचून राहतं. नारळी पौर्णिमेनंतर पाऊस सरींवर येतो, मध्ये ऊन पडतं आणि झाडात रस भरपूर असतो. तेव्हापासून सप्टेंबरअखेरपर्यंतचा काळ धरा. गणपतीत चाकरमानी घरी असतात, हाताखाली माणूस मिळतो, हा वेगळा फायदा. तोवर एप्रिलच्या कापातून आलेले फुटवे पेन्सिलीपासून अंगठ्याएवढे झालेले असतात. साल सुटते का ते आधी तपासा. फुटव्याला बोटभर चीर द्या आणि चाकूच्या बोथट टोकाने साल उचला. ओलसर, निसरडी होऊन अलगद सुटली तर काम सुरू करा. फाटत, चिकटत असेल तर आठवडाभर थांबा. ऑक्टोबरच्या उन्हात साल घट्ट बसली की त्या वर्षीची वेळ गेली.

डोळकाडी, म्हणजे जिच्यावरून डोळा काढायचा ती काडी, ज्या झाडाची बोरं तुम्ही स्वतः खाल्ली आहेत त्याच झाडाची घ्या. उमराण मोठी, सोनेरी, पण इतर जातींच्या मागून तयार होते आणि कोकणात तिची तोडणी काजूच्या गडबडीला भिडते. कडाका आणि मेहरूण या महाराष्ट्रात रुळलेल्या जाती आहेत. ॲपल बोर आकाराने दिपवते, चवीला पाणचट. तरी बाजारात खपते म्हणून कोणी लावली तर हरकत नाही. काडी याच वर्षीची, पेन्सिलीएवढी, डोळे फुगलेले पण न फुटलेले. काडी कापल्या कापल्या पानं छाटा, देठाचा एक सेंटिमीटरचा तुकडा मात्र राहू द्या. तो पुढे पकडायला मूठ होतो आणि नंतर डोळा जगला की नाही हेही तोच सांगतो. काटे सिकेटरने कापून टाका. काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी वापरा, फार तर दुसऱ्या दिवशी.

प्रत्यक्ष काम असं. फुटव्यावर खुंटापासून १५ ते २० सेंटिमीटर वर गुळगुळीत जागा शोधा. नैऋत्येची, म्हणजे वारा ज्या अंगाने येतो ती बाजू निवडा. पुढे डोळ्याचा फुटवा वाढला की वारा त्याला खुंटावर दाबतो. उलट्या बाजूला असेल तर तोच वारा त्याला उपटतो. चीर इंग्रजी टी अक्षराची, पण उलटी, आडवी रेघ खाली आणि उभी रेघ तिच्यावर. सरळ टीची आडवी फट वर असते आणि पावसाचं पाणी थेट तिच्यात उतरतं. उभी चीर तीन सेंटिमीटर, आडवी सव्वा सेंटिमीटर, खोली फक्त सालीपुरती. चाकू लाकडात गेला तर समजा हात जड पडला.

डोळकाडीवरून डोळ्याच्या वरखाली मिळून अडीच सेंटिमीटरची ढालीच्या आकाराची साल काढा. मागे लाकडाची पापुद्र्याएवढी चिपटी आली तर ती नखाने अलगद सोडवा. डोळ्याच्या मागे खड्डा दिसला तर डोळ्याचं मूळ लाकडाबरोबर गेलं, तो टाका आणि दुसरा घ्या. देठाला धरून ढाल खालून वर सालीत सरकवा. डोळ्याचं तोंड वरच्या दिशेलाच हवं, चीर उलटी आहे म्हणून डोळाही उलटा लावण्याची चूक नवशिका हमखास करतो. ढालीच्या आतल्या बाजूला बोट लावू नका, तिथे मातीचा कणही नको. सगळं मिळून अर्ध्या मिनिटात व्हायला हवं, कारण उघडी ढाल वाऱ्यावर लगेच सुकते.

पट्टी सव्वा सेंटिमीटर रुंदीची, पातळ प्लास्टिकची. खालून सुरू करून वर न्या, प्रत्येक वेढा खालच्या वेढ्यावर निम्मा चढेल असा. घरावर कौलं घालतात तसंच हे, खालची ओळ आधी, वरची तिच्यावर, म्हणजे पाणी वरून ओघळून जातं. वरून खाली बांधलं तर प्रत्येक वेढ्याच्या काठाशी पाणी अडतं. डोळा आणि देठ बाहेर ठेवा, बाकी सगळं झाका आणि गाठ वरच्या टोकाला मारा.

दहा-बारा दिवसांनी देठाला बोटाने हलकेच ढकला. देठ पिवळा होऊन टपकन गळला तर डोळा लागला. सुरकुतून, काळा पडून चिकटून राहिला तर डोळा गेला. मग त्याच फुटव्यावर दुसऱ्या बाजूला पुन्हा भरा, सप्टेंबर संपेपर्यंत वेळ असतो. तीन आठवड्यांनी डोळ्याच्या विरुद्ध अंगाने पट्टी चिरा. विसरलात तर पट्टी सालीत रुतते आणि तिथेच पुढे फांदी मोडते.

डोळा लागला म्हणून वरचा फुटवा लगेच छाटून टाकू नका. आधी डोळ्याच्या वर बोटभर अंतरावर फुटवा अर्धा कापून वाकवा. डोळा फुटून वीतभर वाढला की मग डोळ्याच्या पाच-सात सेंटिमीटर वर पूर्ण छाटा. राहिलेला ठोकळा पहिले काही आठवडे नव्या फांदीला बांधायला आधार देतो. खालून येणारे रानटी फुटवे पहिल्या वर्षी दर आठवड्याला काढावे लागतात. खुंट रानबोरीचा आहे, तो स्वतःचाच फुटवा आधी पोसणार. महिनाभर दुर्लक्ष झालं की कलम गुदमरतं आणि वर्षाने त्या जागी पुन्हा रानबोर दिसते. विकतच्या रोपांचंही असंच होतं. मग लोक रोपवाल्याला दोष देतात. काही वेळा तो दोषी असतोही.

बांधावर रानबोर नसेलच तर

खुंट बियांपासून करा. पिकून गळलेली रानबोरं जानेवारी-फेब्रुवारीत गोळा करा, गर धुवून काढा, बिया सावलीत सुकवा. मेमध्ये लिटरभर पाण्यात १७० ते १८० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात टाका, तरंगतील त्या पोकळ, फेकून द्या. समुद्राचं पाणी आणून हे काम होत नाही, त्यात मीठ जेमतेम साडेतीन टक्के असतं आणि पोकळ बियाही त्यात बुडतात. बुडालेल्या बिया लगेच गोड्या पाण्याने धुवा. कवच फोडून आतला मगज काढून पेरला तर आठवड्यात उगवतो, अख्खी बी तीन-चार आठवडे घेते. फोडताना बी उभी धरून हलका घाव घाला, आडवी ठेवून ठोकली की मगज चिरडतो.

पिशवी २५ सेंटिमीटर उंच, १० रुंद. पिशव्या जमिनीवर ठेवू नका, जांभ्याच्या चिऱ्यांवर फळ्या टाकून त्यांवर ठेवा. जमिनीवर ठेवलेल्या पिशवीतून सोटमूळ खाली घुसतं आणि पिशवी उचलताना तुटतं. त्याहून सोपं आणि भक्कम म्हणजे खड्ड्यातच तीन बिया पेरून पुढच्या वर्षी जागेवर डोळा भरणं. एक वर्ष जास्त जातं, पण मूळ अबाधित राहतं.

जागा उताराची, पाणी वाहून जाणारी. बोर दोन-चार दिवसांचं पाणी सोसते, खारट जमीनही बरीच सोसते, म्हणून खाडीकाठच्या उंचवट्यावरही ती चालते. भातखाचराच्या बांधाखालची सखल जागा मात्र नको, तिथे महिना-दीड महिना मुळं पाण्यात राहतात. हापूसच्या छायेतही लावू नका, सावलीत बोर नुसती उंच जाते. खड्डा ६० सेंटिमीटर लांब, रुंद, खोल. मे महिन्यात खणून पंधरा दिवस उन्हात तापू द्या. पंधरा ते वीस किलो कुजलेलं शेणखत, किलोभर सिंगल सुपर फॉस्फेट आणि वरची माती मिसळून जमिनीच्या वर वीतभर उंचवटा येईल इतकं भरा. पावसात भर खाली बसते. आधीच सपाट भरलं तर श्रावणात खड्ड्याचं डबकं होतं. शेणखत कच्चं असेल तर वाळवी त्यावर येते आणि मग रोपाकडे वळते. दोन झाडांत सहा मीटर अंतर ठेवा. एकरी ११० झाडं बसतात.

तोरणाची वई

दरवर्षी काट्यांची वई घालायची, पावसात ती कुजायची, पुन्हा घालायची. या चक्रातून सुटायचं तर जिवंत वई लावा. करवंद, सागरगोटा, चिल्हार हेही पर्याय आहेत. पण तोरणाला खाण्याजोगं फळ येतं आणि फांद्या इतक्या लवचिक असतात की विणता येतात.

मेमध्ये पांढरी पिकलेली तोरणं गोळा करा. तोरणाच्या बीचं कवच बोरासारखं दगडी नसतं, पातळ असतं, म्हणून फोडायची गरज नाही. ती फार दिवस साठवूही नयेत. गर धुवून दोन दिवस सावलीत ठेवा आणि मृगाच्या पावसाबरोबर जागेवर पेरा. वईच्या रेषेवर दोन फूट रुंद, वीतभर उंच वरंबा ओढा. त्यावर दीड फूट अंतराच्या दोन ओळी, प्रत्येक ओळीत दीड-दीड फुटावर दोन बिया, आणि एका ओळीचं रोप दुसऱ्या ओळीतल्या दोन रोपांच्या मधल्या जागेसमोर येईल असं. बी दोन सेंटिमीटरहून खोल नको. उंदीर बिया उकरतात, पहिल्या महिन्यात काटेरी डहाळ्या वरंब्यावर आडव्या टाकून ठेवा.

पहिली दोन वर्षं जुनी वई काढू नका. कोवळं तोरण शेळी आवडीने खाते, काटे राठ व्हायला वेळ लागतो. दुसऱ्या पावसाळ्यात रोपं कमरेएवढी झाली की शेंडे खुडा, नाहीतर झुडूप वर पसरतं आणि खाली भगदाडं राहतात. फांद्या शेजारच्या रोपावर तिरक्या वाकवून सुंभाने बांधत जा. एक डावीकडे, एक उजवीकडे, अशी टोपलीसारखी वीण धरली की चौथ्या वर्षी त्यातून कुत्रंही आत येत नाही. माकडांना मात्र कुठलीच वई अडवत नाही.

तोरणाची छाटणी फळं संपल्यावर, म्हणजे मेअखेर ते जूनच्या पहिल्या सरींपर्यंत. दिवाळीच्या साफसफाईत वई तासली की घोस धरणारे शेंडेच जातात आणि मेमध्ये एकही तोरण मिळत नाही. “आमच्याकडे फळच धरत नाही” म्हणणाऱ्यांनी आधी कोयता कधी चालवला ते आठवावं. वरचा माथा अरुंद आणि बुड रुंद ठेवा, म्हणजे खालच्या फांद्यांना ऊन मिळतं.

बोरीची छाटणी

बोरीला फळ त्याच वर्षी फुटलेल्या नव्या फांदीवर, पानाच्या बगलेत येतं. जुनी फांदी तशीच राहिली तर वाढ टोकाकडे सरकत जाते, फळं बारीक होतात आणि पाच वर्षांत झाड काट्यांची जाळी होऊन बसतं. म्हणून दरवर्षी छाटणी हवी, आणि ती एप्रिल-मेमध्ये, झाड निष्पर्ण असताना. कोकणात नेमकी हीच आंबा उतरवण्याची धांदल असते, म्हणून छाटणी जूनवर जाते. जूनमध्ये ताज्या जखमांवर पाऊस पडतो, फुटवे उशिरा येतात आणि फुलोरा मागे पडतो. एका झाडाला तासभर पुरतो. आंब्याच्या पेट्या भरण्याआधी, सकाळी सहाला उरकून घ्या.

पहिली तीन वर्षं आकार द्यायचा. जमिनीपासून पाऊण मीटरपर्यंत बुंधा मोकळा ठेवायचा आणि त्यावर चार दिशांना तीन-चार मुख्य फांद्या. त्यानंतर दरवर्षी मागच्या वर्षीची मुख्य वाढ मोजा, १५ ते २० डोळे राखून पुढचं कापा आणि तिच्यावरच्या बारीक उपफांद्या मुळापासून काढा. जमिनीकडे झुकलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या, वाळलेल्या फांद्या आधी. डोळ्याच्या पुढे अर्धा सेंटिमीटर, बाहेर तोंड केलेल्या डोळ्यावर काप घ्या. बोटाहून जाड जखमेला बोर्डो पेस्ट. काटेरी डहाळ्या जाळू नका, तोरणाच्या कोवळ्या रोपांवर त्याच पसरायच्या आहेत.

खत-पाणी

पाच वर्षांच्या फळत्या झाडाला वर्षाला साधारण २५० ग्रॅम नत्र, २५० ग्रॅम स्फुरद, ५० ग्रॅम पालाश. पिशवीच्या हिशोबात युरिया साधारण ५४० ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट दीड किलो, म्युरेट ऑफ पोटॅश ८५ ग्रॅम. लहान झाडाला वयाच्या प्रमाणात पाचवा हिस्सा, दोन पंचमांश असं. शेणखत आणि सुपर फॉस्फेट आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर. युरिया एकदम देऊ नका, आषाढात तो उताराने वाहून जातो. निम्मा ऑगस्टच्या मध्यात, निम्मा फळं वाटाण्याएवढी झाल्यावर, बुंध्यापासून हातभर लांब गोल चर काढून मातीआड. पाणी असेल तर ऑक्टोबरपासून फळ रंगू लागेपर्यंत पंधरा-वीस दिवसांनी एकेक द्या. नसेल तरी रानबोरीचा खुंट तगतो, फळ थोडं लहान राहतं इतकंच.

काय बिघडतं

फळमाशी हे बोरीचं मुख्य दुखणं. माशी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडं घालते, अळी बीभोवतीचा गर खाते, फळ वरून ठीक दिसतं आणि दाताखाली आल्यावर कळतं. आंब्याच्या बागेत लावतात तो, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला रक्षक सापळा अनेकजण बोरीलाही टांगतात. त्याचा उपयोग होत नाही. त्यातल्या वासाला आंब्याची माशी भुलते, बोरीवरची माशी वेगळ्या जातीची आहे. इथे हातानेच काम करावं लागतं. गळलेली आणि वेडीवाकडी फळं दर दोन दिवसांनी वेचा, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर उन्हात टाका, मग पुरा. उकिरड्यावर फेकलीत तर माशी तिथून परत येते. अळी जमिनीत उतरून वरच्या वीतभर मातीत कोष करते, म्हणून मार्च ते मे दोनदा झाडाखालची माती कुदळीने हलकी उलथा, कोष उन्हाने मरतात आणि कोंबड्या सोडल्या तर उरलेले त्या टिपतात. फळं वाटाण्याएवढी असताना आणि पुढे पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. अर्धा किलो कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, गाळून, दहा लिटर करा. शेजारच्या वापरात नसलेल्या रानबोरीवर फळं तशीच सडत असतील तर हे सगळं वाया जातं. शेजाऱ्याशी बोला, तिच्यावरही डोळा भरून द्या.

भुरी येते ती पाऊस संपताना, सकाळी दव पडायला लागलं की. कोवळ्या फळावर आणि पानावर पांढरी पूड बसते, फळ पुढे खरबरीत तपकिरी होऊन तडकतं. पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला दोन ग्रॅम, फुलं उमलताना एकदा आणि फळ धरल्यावर एकदा. ऑक्टोबरच्या दुपारी फवारू नका, गंधकाने पानं करपतात. सकाळचं दव सुकल्यावर किंवा सूर्य कलल्यावर फवारा.

बुंध्यावर भुशाची जाळीदार नळी दिसली तर आत साल खाणारी अळी आहे. नळी झाडून काढा, भोकात तार घालून अळी ओढा, भोक रॉकेलच्या बोळ्याने आणि चिखलाने बंद करा. फांद्यांवर तांबूस, टणक खरपुडी चढली तर ती लाख. लाखेची शेती करणारे बोरीवर ती मुद्दाम चढवतात. तुम्हाला फळ हवं असेल तर त्या फांद्या छाटणीत काढा.

तोडणी आणि काटे

बोरं एकाच वेळी तयार होत नाहीत, चार-पाच तोडण्या कराव्या लागतात. हिरवा रंग जाऊन पिवळसर झाक आली की काढा. झाडावर लाल-मऊ होईपर्यंत थांबलात तर माशी, पोपट आणि वटवाघळं आधी येतात. झोडपून पाडू नका, ठेचलेलं बोर दुसऱ्या दिवशी काळं पडतं. संक्रांतीच्या सुगडासाठी आणि बोरन्हाणासाठी लहान गोल बोरं हवी असतील तर रानबोरीचा एखादा फुटवा मुद्दाम राखा, त्या दिवसांत घराघरांतून मागणी असते. उरलेली पिकलेली बोरं एकदा उकळत्या पाण्यातून काढून सात-आठ दिवस उन्हात वाळवा. दाबल्यावर ओल लागली नाही की बोरकुटाला तयार. समुद्रकाठच्या दमट हवेत रात्री ती घरात घ्यावीच लागतात, नाहीतर बुरशी धरते.

तोडणीला पूर्ण बाह्यांचा जाड सदरा, चामडी हातमोजा आणि आकडी. बोरीची फांदी अंगावर ओढून धरू नका, हातातून सुटली की ती डोळ्याच्या उंचीवर परत येते. वाकडा काटा रुतला तर हात झटकून मागे घेऊ नका, त्याने काटा खोल जातो. हात पुढे, फांदीकडे न्या, म्हणजे काटा आला त्या वाटेने सुटतो. टोक आत मोडलं असेल तर सुई गरम करून, थंड झाल्यावर कोरून काढा आणि जखम साबणाने धुवा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षांहून जास्त काळ गेला असेल तर त्याच दिवशी घ्या. सांध्यापाशी काटा मोडला आणि दोन दिवसांनी सूज वाढतच असेल तर घरी कोरत न बसता डॉक्टरला दाखवा.